बोरटाकळीपुढचा ठिपका

बद्रीनाथ मुहर्रिराचा ठिपका बघण्यासारखा असे. उर्दूत शून्य लिहायचं म्हणजे एक ठिपका ठेवायचा, बस्स. बाकीचे कारकून तो कसाही टेकवत. कुणाचा पसरे, कुणाच्या ठिपक्याला शेपूट फुटे, आणि मग वरच्या साहेबाला ते शून्य आहे की माशी बसून गेली हे कळत नसे. बद्रीनाथ बोरू हलकेच टेकवी, श्वास रोखी आणि उचली. ठिपका मोहरीएवढा, गोल, ठाम. बीडच्या कोतवाली कचेरीत त्यानं पंधरा वर्षं असे ठिपके ठेवले आणि त्यांचा त्याला अभिमान होता. माणसाला कशाचा अभिमान वाटावा याचा काही कायदा नाही.

तो मूळचा युसूफ वडगावचा. घर कुणब्याचं, रान काळंभोर. एकदा चुलत्याच्या नावानं तहसिलीतून कागद आला आणि तो वाचून घ्यायला दोन दिवस माणूस हुडकत फिरावं लागलं. तेव्हा बापानं ठरवलं, घरात एक तरी पोरगं उर्दू शिकलं पाहिजे. खरं तर थोरली तुळजा जास्त हुशार, पण ती मुलगी. म्हणून बद्रीनाथला मौलवीसाहेबांपुढं बसवलं, आणि त्याला ने-आण करायचं काम तुळजाकडं आलं. ती दाराशी बसून ऐके. सगळी अक्षरं तिला त्याच्याआधी पाठ झाली होती. पण बोरू तिच्या हाती कुणी दिला नाही, त्यामुळं कुठलं अक्षर कसं दिसतं हे तिला जन्मभर कळलं नाही. पुढं ती नेकनूरच्या पलीकडं बोरटाकळीला दिली. नवरा धर्मराज पाटील, गावचा पोलीस पटेल. सरळ मार्गानं जाणारा माणूस. इतका सरळ, की वळण आलं तरी हा सरळच जायचा.

फसली तेराशे वीस सालच्या अखेरीला सुभ्यावरून हुकूम आला. जिल्ह्यात गुन्हे कुठं जास्त होतात आणि कुठं कमी, याचा तख्ता पाठवा. चार घरं आखायची: कसबा, नदीपलीकडची पेठ, मदरसा आणि देहात. आणि नुसता आकडा नको, दर शंभर उंबऱ्यांमागं किती ते काढा. म्हणजे मोठं गाव बदनाम आणि लहान गाव साव असं होणार नाही. मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्याच्या कोतवालीचे मुख्य, यांनी तख्ता अर्थातच बद्रीनाथकडं दिला.

तो दीड महिना त्यावर बसला. कसब्यात दोन हजार उंबरे, गुन्हे एकशे बारा. चौकी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं कुणाचा लोटा हरवला तरी माणूस कागद करायला हजर. पेठेत आठशे उंबरे, गुन्हे एकेचाळीस. पण आषाढ-श्रावणात एकही नाही. बिंदुसरेला पाणी आलं की फिर्याद द्यायला पोहून कोण येणार? तेवढे दोन महिने पेठेतले समदे चोर देवमाणूस होत. मदरशात शंभर पोरं राहून शिकत होती, गुन्हे शून्य. तिथं चोरीला छडी होती, कागद नव्हता. हे बद्रीनाथला दिसत नव्हतं असं नाही, चांगलं दिसत होतं. पण त्याचं काम बेरीज-भागाकाराचं. मुहर्रिरानं मत द्यायचं नसतं, हे तो पहिल्या वर्षीच शिकला होता आणि ते शिकणं त्याला सोयीचंही होतं.

देहाताचं घर सोपं होतं. गावामागं गाव आणि ठिपक्याखाली ठिपका. एखाद्यापुढं एक, एखाद्यापुढं दोन. आणि मध्येच बोरटाकळी: उंबरे साठ, जनावरांच्या चोऱ्या नऊ. शंभराला पंधरा पडले. कसब्याला सहासुद्धा पडत नव्हते.

बद्रीनाथनं भागाकार तीनदा केला. बहिणीचं गाव. नवाचे दोन केले असते तर कुणी विचारायला येणार नव्हतं, हे त्याच्या मनात आलं, खोटं कशाला बोला? पण आकडे दाजींनीच पाठवले होते, त्यांच्याच सहीनं, आणि दाजी खोटं लिहिणारे नव्हते. त्यानं पंधरा मांडले. उलट मनातल्या मनात थोडा फुगलाही, की बघा, नात्यागोत्याला आपण भुललो नाही.

तख्ता सुभ्यावर गेला, तिथं वाखाणला गेला, आणि कार्तिकात बोरटाकळीवर हजेरी बसली. मारुतीच्या पारावर दोन शिपाई. गावातल्या प्रत्येक बाप्यानं सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढं उभं राहून नाव सांगायचं. चिठ्ठीशिवाय त्यानं शीव ओलांडायची नाही आणि चिठ्ठी द्यायची नाही असा वरून हुकूम. एका गावची चोरी बंद करायला अख्खं गावच कोंडून टाकलं.

आठ-दहा दिवसांनी तुळजाबाई नेकनूरच्या बाजारची गाडी धरून बीडला आली. डोईवरचं बोचकंसुद्धा खाली ठेवलं नाही.

"बद्री, तुज्या हातचा कागद हाय म्हनं."

"आक्का, आकडे दाजींनी पाठवले. म्या निस्ते मांडले."

"मांडलेस ना? मंग आता मोड."

"तसं मोडता येत न्हाई."

"मांडता येतं आन् मोडता येत न्हाई? कसलं रं हे शिक्षान?" मग ती खाली बसली. "हे बघ, आमचं रान तुला ठावं न्हाई. बाजरी व्हती ती संक्रांतीपस्तोर सरती. माघात समदे बापे सुगीला गेवराईकडं जात्यात, गोदेकाठची जवारी काढायला. दोन म्हैने राबत्यात, गाड्या भरून दाणं आणत्यात. त्याच्यावर पुढचा पाऊस गाठायचा. औंदा हजेरी उठली न्हाई तर चैतात चुलीवर काय ठिवू? तुजा तख्ता?"

बद्रीनाथला वाईट वाटलं. पण त्याच्या डोक्यातून तो पंधराचा आकडा जाईना. "पर आक्का, येवढ्या चोऱ्या तुमच्याच गावात कावून व्हतात?"

तुळजाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की हा मौलवीसाहेबांपुढं चार वर्षं झोपा काढत होता की काय. "आमच्या गावात? अरं, अंगणात वाळत घातलेली मिर्ची कुनी उचलीत न्हाई आमच्याकडं. येऊन बघ एकदा."

तो गेला. लग्नात वऱ्हाडी म्हणून गेलता तेवढाच, त्यानंतर पहिल्यांदा.

तिकडं चोरी हुडकायची एक जुनी रीत होती, आणि ती वडगावकडंही होती. जनावर चोरीला गेलं की गावचा जागल्या पहाटे खुरांचा माग काढी. मिळालेल्या ठशावर टोपली पालथी घाली, म्हणजे वाऱ्यानं, गुराढोरांनी मोडू नये. माग शिवेपर्यंत गेला की पलीकडच्या गावच्या पाटलाला बोलवायचं. त्यानं टोपली उचलून ठसा बघायचा आणि म्हणायचं, "घेतला." की त्या गावची जबाबदारी संपली आणि ह्या गावची सुरू. ह्यानं तो पुढच्या शिवेवर नेऊन द्यायचा. ज्याच्या शिवेत माग विझला, चोरी त्याच्या माथी. त्यानं जनावर भरून द्यावं नाहीतर चोर द्यावा. ना चौकी, ना कागद. शेकडो वर्षं हे असंच चाललं होतं.

बद्रीनाथ काळ्या रानात वाढलेला. काळ्या मातीत माग विझतो कसा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती माती चिमणीचा पाय सोडत नाही, तर बैलाचा खूर कसा सोडेल?

धर्मराज पाटील त्याला गावाबाहेर घेऊन गेले. शेजारच्या रेवलगावच्या काळ्या शिवेपर्यंत पायाखाली नुसता खडक लागला. उघडा, काळपट, उन्हानं घासलेला खडक. कोसभर लांब, कोसभर रुंद. मध्ये कुठं कुठं वीतभर माती आणि बोरीची झुडपं. चारी बाजूंना चार गावांची काळी रानं, आणि मधोमध ही बोरटाकळी.

"हितं बैल चालव," पाटील म्हणाले, "आन् खूर दाखव मला."

बद्रीनाथला सगळं तिथंच कळलं. कुठल्याही गावचं जनावर जावो, चोर ते खडकावर घालणार. चारी गावांचे माग इथपर्यंत येणार आणि इथं विझणार.

"मंग दाजी, तुमी घेत कावून गेलात? लिहीत कावून गेलात?"

"माग आमच्या शिवेत आलता. आला त्याला न्हाई कसं म्हनू?" पाटील म्हणाले. "आन् नऊ जनावरं भरून द्यायची ह्या गावाची ऐपत न्हाई. म्हून सरकारला लिवलं, की बाबा, तुमी तरी चोर हुडका. बाकीचे लिवत न्हाईत. म्या लिवलं."

आता हे अगदी सरळ होतं. बद्रीनाथनं बीडला येऊन दोन रात्री खर्चून उर्दूत खुलासा लिहिला. गुन्हा जिथं घडला ते गाव एक आणि माग जिथं विझला ते दुसरं. सबब तख्त्यात एक रकाना वाढवावा, आणि आधीचा आकडा लिहिणाऱ्याची चूक समजावी. लिहिणारा म्हणजे तोच. पंधरा वर्षांत त्यानं पहिल्यांदा मत दिलं होतं. मोहतमीमसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो पूर्ण वाचला, अक्षराला मान डोलावली आणि विचारलं, "मुहर्रिर, बोरटाकळी आपली सासुरवाड?"

"बहीण दिली आहे, हुजूर."

"हां." कागद बाजूला गेला. "दगड काही चोरी करत नाही. सुभ्यानं एकदा वाखाणलेला तख्ता मी चुकीचा कसा म्हणू? पण ऐका. पौष-अखेरच्या तिमाही तख्त्यात बोरटाकळीपुढं शून्य येऊ द्या. त्याच दिवशी हजेरी उठवतो. माझा शब्द."

बद्रीनाथनं हा शब्द जसाच्या तसा बोरटाकळीला पोचवला. खोटं बोला असं तो म्हणाला नाही. त्याची गरजच नव्हती. पाटलांनी ऐकून घेतलं, चंची उघडली, पान न लावताच मिटली आणि म्हणाले, "तोवर माग न्हाई आला तर बरं."

दोन महिने आला नाही. पौष संपायला तीन दिवस होते. तिमाहीचे आकडे न्यायला बद्रीनाथ स्वतःच बोरटाकळीला आला होता. सकाळची हजेरी नुकती झाली होती. गावातल्या बाप्यांनी गाड्यांना वंगण घातलेलं, विळ्यांना धार लावलेली, अन् तीन दिवस मोजत बसलेले. तेवढ्यात निरोप आला: रेवलगावचा जागल्या सटवा शिवेवर उभा आहे.

सटवा म्हातारा झाला होता, पण माग काढण्यात त्याच्या तोडीचा माणूस नेकनूरपासून केजेपर्यंत नव्हता. बाजूला रेवलगावचे बबनराव पाटील. त्यांचाच बैल गेला होता. पुढं मातीत टोपली पालथी. तिच्यापुढं चार हातांवर खडक सुरू होत होता.

सटव्यानं टोपली उचलली. ओलसर मातीत खूर असा उमटलेला, की कुंभारानं साच्यात काढावा. डाव्या नखीला खांड पडलेली, तीसुद्धा दिसत होती. तोंड सरळ बोरटाकळीकडं.

धर्मराज पाटील वाकले. नेहमीसारखा गुडघा टेकला, ठशाभोवती बोट फिरवलं. मागं पंधरा-वीस बापे उभे होते. बद्रीनाथ दाजींच्या मानेकडं बघत होता. बघवत नव्हतं, पण दुसरीकडं कुठं बघावं तेही सुचेना. आपण हे घडवलं, असं त्याला तेव्हा स्वच्छ वाटलं.

पाटील उठले. "माग न्हाई," ते म्हणाले.

सटव्याला वाटलं, म्हाताऱ्या कानांना नीट ऐकू आलं नसेल. "जी?"

"आमच्या शिवेत माग न्हाई."

सटव्यानं एकदा खुराकडं पाहिलं, एकदा पाटलांच्या तोंडाकडं. भांडला नाही. टोपली काखेत मारली आणि आपल्या वाटेनं निघाला. बबनराव मात्र जागचे हलले नाहीत. "धर्मराज, तुज्या बापानं ह्याच जाग्यावर माज्या बापाचे सात माग घेतलते," एवढं म्हणाले आणि तेही गेले. ठसा उघडाच राहिला. दुपारी शेळ्या त्यावरून गेल्या.

बद्रीनाथनं बोरटाकळीपुढं ठिपका ठेवला. साहेबांनी शब्द पाळला, हजेरी उठली. माघाच्या पहिल्या आठवड्यात गाड्या गेवराईकडं लागल्या, फाल्गुनात दाणे भरून परत आल्या. साठही घरांत चूल पेटली, एकही घर उपाशी राहिलं नाही. आणि हे लहानसहान नव्हतं. पोट भरल्या माणसानं त्याला लहान म्हणू नये.

पण अशी गोष्ट एका शिवेवर थांबत नसते. रेवलगावनं पाहिलं, मग चारी गावांनी पाहिलं, की लिहिलं की हजेरी बसते आणि 'न्हाई' म्हटलं की उठते. 'न्हाई' म्हणायला काय लागतं? त्या वर्षी पंचवीस गावांत कुणी कुणाचा माग घेतला नाही. टोपल्या शेणगोठ्याच्या कामाला लागल्या. देहाताच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसते ठिपके. सुभ्यावरून खुशीचा कागद आला, की हजेरीच्या धाकानं देहात सुधारलं. बद्रीनाथला पेशकाराची वरची जागा मिळाली. त्याच्या खुलाशाचा कागद कुणी फाडला नाही की कुणी वाचला नाही. दप्तरात बांधून ठेवला, इतकंच.

त्या सालची आखिती आली. माहेरवाशिणीचा सण, आणि आई-बाप आता नव्हते, म्हणून तुळजाबाई भावाकडं बीडला आली. पुरणपोळी झाली, आमरस झाला. बद्रीनाथ ओसरीवर चैत्रअखेरच्या तिमाही तख्त्याचा खर्डा घेऊन बसला होता. ती सुपारी कातरत शेजारी येऊन बसली.

"दाजी बरे हायत ना?"

"बरे म्हनायचे." सुपारीचं एक खांड कातरून ती म्हणाली, "ढवळ्या गेला."

ढवळ्या म्हणजे तिच्या दावणीचा बैल. लग्नात बापानं दिलेल्या गाईच्या पोटचा. बद्रीनाथला तो ठाऊक होता.

"मेला?"

"चोरून नेला. चैतातली गोष्ट. हे आठ कोस फिरले. खडकावर माग लागंना, पर रेवलगावच्या शिवेत काळ्या मातीत खूर लागला. ढवळ्याचाच, ह्यांनी वळखला. टोपली घातली आन् बबनरावाला बोलीवलं." तिनं अडकित्ता खाली ठेवला. "बबनराव आले. वाकलेसुदिक न्हाईत. उभ्याउभ्याच म्हनले, माग न्हाई."

"आन् सटवा?"

"सटवा दुसरीकडं बघत व्हता. ह्यांनी एक शबूद काढला न्हाई. काय काढणार? घरी आले, टोपली आड्याला अडकीवली. तवापून बोलतच न्हाईत फारसं."

जे बद्रीनाथला जन्मभर येत होतं तेच तोंडातून आलं. "दाजींनी कागद कावून न्हाई पाठवला?"

"पाठीवला की पुन्ना हजेरी. पुढल्या माघात समदं गाव कोंडायचं, एका बैलापायी?" ती हे रागानं म्हणाली नाही. पोळीला तूप कमी पडलं हे सांगावं तसं म्हणाली. मग तिनं खर्ड्याकडं पाहिलं. "ह्याच्यात आमचं गाव कुठं हाय रं?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं. "हे लिवलंय, बोरटाकळी."

"आन् म्होरं?"

"म्होरं ठिपका. म्हंजे कायबी न्हाई."

तुळजाबाई खाली वाकली, डोळे बारीक करून बघू लागली. पंधरा वर्षांत त्याच्या ठिपक्याकडं इतक्या जवळून कुणी पाहिलं नव्हतं. मोहरीएवढा, गोल, ठाम.

"लई साजरा काढलास," ती म्हणाली. मग वर न बघता विचारलं, "आन् ढवळ्या?"

"त्यो ह्याच्यात न्हाई, आक्का."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. पदरानं हात पुसले, अडकित्ता उचलला आणि राहिलेली सुपारी कातरून संपवली. संध्याकाळी नेकनूरकडं जाणारी गाडी होती. बद्रीनाथनं तिला वेशीपर्यंत पोचवलं आणि परत येऊन खर्डा पक्का करायला बसला.